खडक फुटतो, जमीन फुगते: गोठणाऱ्या पाण्याचं नेमकं काम काय?

कातळरेघ

"भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठताना ९ टक्के फुगतं आणि खडक फुटतो." भूगोलाच्या पुस्तकातलं हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हिशोबाला बसलं की मात्र ते तीन ठिकाणी अडतं, म्हणून हा धागा.

एक, भेग म्हणजे बूच लावलेली बाटली नव्हे. तिला तोंड उघडं असतं. बर्फ फुगला तर तोंडातून बाहेर सरकेल, बाजूच्या कातळाला कशाला रेटेल?

दोन, जमिनीचं. १ मीटर जाडीचा ओल्या मातीचा थर घ्या, त्यात घनफळाने ४० टक्के पाणी धरा. ते सगळं गोठलं तरी वाढ होते ३.६ सेंटीमीटर. थंड मुलखातले रस्ते हिवाळ्यात १०-२० सेंटीमीटर उचलले जातात. बाकीची वाढ आली कुठून?

तीन, जिथे पाणी कधीच गोठत नाही तिथेही कातळाचे पापुद्रे सुटतात. तिथे कोण काम करतं?

पाया, रस्ते, दगडी बांधकाम, डोंगरकडे यांपैकी कशाचीही माहिती असणाऱ्यांनी आकड्यांसकट लिहावं. व्याख्या नकोत. कुठे काय बिघडतं आणि ते ओळखायचं कसं, ते हवं.

हिमरेषा

तिन्ही शंका रास्त आहेत. दुसरीपासून सुरू करतो, कारण तिचं उत्तर सगळ्यांत आधी मिळालं.

स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९२९ आणि १९३० मध्ये मातीच्या गोठण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातलं. बेंझिन ५.५ अंश सेल्सिअसला गोठतं आणि गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे उचलण्याचं मूळ त्या ९ टक्क्यांत नाहीच. खालून द्रव पदार्थ ओढला जातो, गोठणाऱ्या थराशी येऊन जमा होतो आणि तिथे त्याची चकती वाढत जाते. माती वर जाते ती या बाहेरून आलेल्या मालामुळे. तुमच्या हिशोबातली "बाकीची वाढ" ती हीच.

पाणी ओढलं का जातं? बर्फ आणि मातीचा कण (किंवा खडकातलं खनिज) एकमेकांना थेट चिकटत नाहीत. मध्ये न गोठलेल्या पाण्याची अतिपातळ फिल्म राहते, शून्याखाली बरेच अंश गेल्यावरही. ही फिल्म दोन्ही पृष्ठभागांना दूर ढकलते आणि स्वतःची जाडी टिकवायला आजूबाजूचं पाणी शोषते. आलेलं पाणी बर्फाला मिळतं, फिल्म पुन्हा पातळ होते, पुन्हा पाणी ओढते. थंडी हवी तशी आहे आणि पाणी पोचतंय तोवर हे थांबत नाही.

जोर किती? शून्याखालच्या दर अंशाला जास्तीत जास्त साधारण १.१ मेगापास्कल, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ११ किलोच्या आसपास. उणे ५ अंशांवर ५.५ मेगापास्कल झाले. कच्चा वालुकाश्म ताणात याहून कमी जोरावर फुटतो. ग्रॅनाइटची ताण सहन करण्याची ताकद जास्त आहे, पण आधीच चीर असेल तर सगळा ताण तिच्या टोकाशी एकवटतो, त्यामुळे तिथे कमी जोरही पुरतो.

आता पहिली शंका. वॉल्डर आणि हॅलेट या संशोधकांनी १९८५ मध्ये खडकातल्या चिरेसाठी हेच गणित मांडलं. ग्रॅनाइट आणि संगमरवरात चीर सर्वांत जोमाने वाढते ती उणे ४ ते उणे १५ अंशांच्या दरम्यान, असं त्यातून निघालं. पुढच्या कामांत ढोबळमानाने उणे ३ ते उणे ८ हा पट्टा धरला जातो. त्याच्या वर जोर कमी पडतो. त्याच्या खाली जोर भरपूर असतो, पण फिल्म इतकी बारीक होते की पाणी चिरेपर्यंत पोचत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत खडक उलट शांत राहतो. तोंड उघडं असल्याने काही बिघडत नाही, कारण बर्फ चिरेच्या आत, टोकाजवळच वाढत असतो.

९ टक्के पूर्ण खोटे नाहीत, हेही नोंदवतो. पूर्ण कोंडलेलं पाणी उणे २२ अंशांवर २०७ मेगापास्कलपर्यंत दाब देऊ शकतं. पण त्यासाठी छिद्रं ९१ टक्क्यांहून जास्त भरलेली हवीत आणि चहूबाजूंनी झटकन गोठायला हवीत. छोट्या, चिंब भिजलेल्या ठोकळ्यात हे जमतं, भिंतीतल्या विटेतही कधीकधी. डोंगरात क्वचितच.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही: पाणी थंडीकडे चालत जातं.

गाळमाती

हिमरेषा यांच्या शेवटच्या ओळीला जोडून मातीचं लिहिते.

जमीन फुगायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: शून्याखालचं तापमान, पाण्याचा पुरवठा आणि पाणी ओढू शकेल अशी बारीक माती. एक काढून टाकली की खेळ संपला. थंडी काढता येत नाही, त्यामुळे कामाच्या उरतात दोन.

सगळ्यांत वाईट माती म्हणजे गाळाची, पोयट्याची. वाळूत छिद्रं मोठी असतात, शोषण नसल्यासारखंच. चिकणमाती शोषते जबरदस्त, पण तिच्यातून पाणी इतकं सावकाश सरकतं की एका हिवाळ्यात फार जमा होत नाही (तिला तडे पडलेले असतील तर गोष्ट वेगळी). गाळ मधला: ओढतोही आणि वाहूही देतो.

गोठलेल्या गाळमातीचा उभा काप हातात घेतला की सगळं दिसतं. जमिनीला समांतर अशा स्वच्छ बर्फाच्या चकत्या असतात, काही केसाएवढ्या, काही बोटभर जाड, आणि दोन चकत्यांमधली माती इतकी कोरडी आणि घट्ट की नखाने खरवडली तर भुकटी पडते. पाणी मातीतून निघून चकतीत गेलंय, हे नुसत्या डोळ्यांना कळतं.

मृदा-अभियंता आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला निकष आजही पहिल्या चाळणीला पुरतो. लहानमोठे सगळे कण मिसळलेली माती असेल तर ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त असले की ती फुगणार असं धरा. अगदी एकसारख्या कणांची माती असेल तर ही मर्यादा १० टक्के.

०.०२ मिलिमीटरची चाळणी नसते, म्हणून पिपेट (ठरावीक द्रव ओढून घ्यायची काचेची नळी) वापरायची. २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली ५० ग्रॅम कोरडी माती, ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (कण सुटे व्हायला), पाणी घालून बरोबर १ लिटर. रात्रभर भिजत ठेवा, मग मोजपात्र एक मिनिट उलटसुलट हलवून ठेवा आणि घड्याळ लावा. २० अंशांच्या पाण्यात ०.०२ मिलिमीटरचा कण १० सेंटीमीटर खाली यायला ४ मिनिटं ४० सेकंद घेतो. त्या क्षणी १० सेंटीमीटर खोलीवरून २५ मिलिलिटर ओढा. त्यात फक्त त्याहून बारीक कण असतात. १०५ अंशांवर वाळवून वजन करा.

समजा ०.२४ ग्रॅम भरलं. त्यातले ०.१२५ ग्रॅम त्या रसायनाचेच, ते वजा. उरले ०.११५ गुणिले ४० म्हणजे ४.६ ग्रॅम. ५० ग्रॅममध्ये ९.२ टक्के.

इथे एक चूक हमखास होते. ही टक्केवारी चाळून घेतलेल्या मातीची आहे. खडी-दगडासकट मूळ मातीत २ मिलिमीटरखालचा भाग ४० टक्केच असेल, तर खरा आकडा ३.७. तरी ३ च्या वरच. म्हणजे वरवर खडीचा दिसणारा हा भरावही फुगणार.

ओळंबा

कुंपणाचे खांब आणि ओट्याचे छोटे पाये दरवर्षी थोडेथोडे वर का येतात, हा प्रश्न याच्या अगदी शेजारचा. "पाया गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या) खाली नेला" असं सांगणाऱ्यांचेही खांब उपटून येतात, कारण तिथे बर्फ खालून ढकलत नाही, बाजूने धरून उचलतो.

गोठलेली माती काँक्रीटला चिकटते आणि फुगताना त्याला सोबत घेऊन जाते. आराखड्यासाठी बारीक मातीत काँक्रीट किंवा लाकडाला ६५ किलोपास्कल, पोलादाला १०० किलोपास्कल असा चिकटजोर धरतात. ३० सेंटीमीटर व्यासाचा खांब आणि १.२ मीटर गोठण घ्या. बाजूचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर, उचलणारा जोर सुमारे ७३ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेसात टन! हलक्या ओट्याचं वजन यापुढे काहीच नाही.

खांब एकदा वर सरकला की खाली पोकळी होते आणि वितळताना तिच्यात माती घसरते. त्यामुळे तो परत पहिल्या जागी बसत नाही. दर हिवाळ्याला भर पडत जाते.

करायचं ते असं. खड्डा गोठणरेषेच्या खाली न्या आणि तळाशी रुंद करा, म्हणजे खालची न गोठलेली माती त्या फुगवट्याला धरून ठेवते. वरचा भाग कधीही रुंद ठेवू नका. खड्डा हाताने खणला की वर पसरट आणि खाली निमुळता होतो, त्यात तसंच काँक्रीट ओतलं की गाजराचा आकार येतो आणि गोठणारी माती त्याला काखेत हात घालून उचलावं तसं उचलते. वरच्या तोंडाशी काँक्रीट सांडून छत्री झाली असेल तर तीही फोडून काढा. गोठणाऱ्या उंचीत गुळगुळीत गोल साचा वापरा आणि भोवती किमान १५ सेंटीमीटर धुतलेली खडी भरा. खडी आणि मातीच्या मध्ये गाळणकापड हवंच, नाहीतर चार-पाच वर्षांत गाळ खडीत शिरतो आणि केलेलं सगळं वाया जातं. खडीच्या तळातून पाणी निघून जायला वाट ठेवा. वाट नसेल तर तुम्ही खांबाभोवती विहीर बांधलीत.

शून्याखाली

गोठणरेषा कुठे, हे कोणी लिहिलं नाही अजून. अधिकृत नकाशे असतात ते वापरावेतच, पण हिशोब कळला तर नकाशा कुठे फसेल तेही कळतं.

स्टेफानचं सूत्र: खोली = √(२ × उष्णतावाहकता × गोठणांक ÷ गुप्त उष्णता). गोठणांक म्हणजे हिवाळ्यातल्या शून्याखालच्या दैनिक सरासरी तापमानांची बेरीज. समजा ५०० अंश-दिवस आले. ८६,४०० ने गुणून सेकंदांत आणा: ४.३२ कोटी. गोठलेल्या मातीची उष्णतावाहकता २ वॅट प्रति मीटर-अंश. मातीची कोरडी घनता १७०० किलो प्रति घनमीटर, ओलावा १५ टक्के, म्हणजे घनमीटरला २५५ किलो पाणी, आणि किलोला ३३४ किलोज्यूलप्रमाणे ८.५ कोटी ज्यूल, ही झाली गुप्त उष्णता. वर्गमूळ काढलं की उत्तर येतं १.४ मीटर.

हा आकडा वरच्या बाजूचा आहे. सूत्र मातीत आधीपासून असलेली ऊब धरतच नाही, आणि हवेचं तापमान म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान नव्हे. बर्फाचं पांघरूण घेतलेली गवताळ जमीन यापेक्षा कितीतरी कमी खोल गोठते. झाडून काढलेला डांबरी रस्ता त्याच गावात तिच्याहून खूप खोल गोठतो.

सूत्रात पाणी भाजकात आहे, इकडे लक्ष द्या. ओली माती कमी खोल गोठते, कारण प्रत्येक थराचं पाणी गोठवायला वेळ जातो. कोरडी खडी जास्त खोल गोठते. म्हणून "खडी टाकली की गोठण थांबतं" हे चूक. खडीत गोठण खोल जातं, पण ती फुगत नाही.

कातळरेघ

छान चाललंय. मग पाया उथळच ठेवायचा असेल तर?

शून्याखाली

भोवती उष्णतारोधक पाटे घालायचे. उत्तर युरोपात ही पद्धत जुनी आहे. गरम राहणाऱ्या इमारतीच्या पायाला बाहेरून उभा पाटा, आणि जमिनीखाली साधारण ३० सेंटीमीटरवर बाहेरच्या बाजूला उतार देऊन आडवा पाटा. इमारतीतून झिरपणारी ऊब त्याखाली अडकते. पाटा एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचा घ्या, पाणी पिणारा नको. कोपऱ्यात दोन बाजूंनी थंडी येते, तिथे पाटा जास्त रुंद आणि जाड लागतो. आणि इमारत हिवाळाभर बंद राहणार असेल तर हा आराखडा चालत नाही. त्याचा वेगळा हिशोब असतो, कारण आतली ऊबच नाही.

पाथरवट

तिसऱ्या शंकेबद्दल. उन्हाने तापून-निवून खडक फुटतो ही समजूत अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी १९३६ मध्येच मोडीत काढली ना? ग्रॅनाइटचा घासून चकचकीत केलेला तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला. रोजचं एक चक्र धरलं तर २४४ वर्षं. सूक्ष्मदर्शकाखालीही काही फरक दिसला नाही. मग थंड करताना पाण्याचा फवारा मारला, तर अडीच वर्षांइतक्या चक्रांतच चकाकी गेली आणि बारीक तडे दिसले. म्हणजे इथेही काम पाण्याचंच.

भेगमोजणी

पाथरवट, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र अर्धाच पटतो. ग्रिग्ज यांचा तुकडा लहान होता, सगळ्या बाजूंनी मोकळा होता. तो फुगला तर अडवायला कोणी नव्हतं. डोंगरातला कातळ शेजारच्या कातळात जखडलेला असतो. वरचा थर फुगू पाहतो, खालचा गार थर त्याला जाऊ देत नाही, आणि ताण तिथे साठतो.

याचं मोजलेलं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत ग्रॅनाइटच्या कड्यावर सुटत आलेल्या एका पाकळीवर २०१० पासून साडेतीन वर्षं भेगमापक लावून ठेवले होते. पाकळी १९ मीटर उंच, ४ मीटर रुंद आणि जाडी फक्त १० सेंटीमीटर. दिवसा उन्हाने ती बाहेर वाकते, रात्री परत बसते, आणि भेग दिवसाला सेंटीमीटरभर उघडते-मिटते. त्यातला एक बारीक हिस्सा परत येत नाही, वर्षागणिक भेग थोडी रुंदच राहते. कॅलिफोर्नियातल्याच ट्वेन हार्ट इथे ऑगस्ट २०१४ मध्ये ग्रॅनाइटच्या घुमटावरचा थर भर उन्हाळ्यात, भूकंप नसताना, मोठा आवाज होऊन फुटला. त्याचं चित्रीकरणही आहे.

पाण्याचा हात इथे आहेच, पण गोठण्याचा नाही. चिरेच्या टोकाशी ताणलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधाला पाण्याचा रेणू तोडतो. त्यामुळे कोरड्या हवेत जी चीर थांबून राहिली असती ती दमट हवेत पुढे सरकते. ताण खडकाच्या ताकदीच्या बराच खाली असला तरी! मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खडक एका फटक्यात फुटल्यासारखा दिसतो, पण बहुतेक वेळा तो वर्षानुवर्षं फुटतच असतो.

संगमरवराचं तर गोठण-वितळण नसलं तरी नुकसान होतं. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि काटकोनात चक्क आकसतो. शेजारशेजारचे स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले, त्यामुळे दर तापण्याला त्यांचे सांधे सैल होतात आणि पृष्ठभाग साखरेसारखा झडू लागतो. पातळ फरशी असेल तर ती वाकते. हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलवरच्या कारारा संगमरवराच्या फरशा १९७१ नंतर बशीसारख्या वाकल्या, १९९० च्या दशकाच्या शेवटी तोच दगड नव्याने बसवला, तो पुन्हा वाकला. शिकागोतल्या एका उत्तुंग इमारतीवरच्या सुमारे ४३ हजार संगमरवरी फरशा १९९०-९२ मध्ये काढून ग्रॅनाइट लावावा लागला. बाहेरच्या भिंतीला पातळ संगमरवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाथरवट

जखडलेल्या कातळाचा मुद्दा मान्य. आता माझ्या बाजूचं, दगडी भिंतींचं.

भिंतीचा दगड झडताना दिसला की लोक लगेच "थंडीने झडला" म्हणतात. निम्म्या वेळा चोर मीठ असतं. खूण अशी: थंडीने सहसा दगडाच्या थरांना धरून ढलप्या निघतात किंवा चिरा जातात, आणि तेही जिथे पाणी साचतं तिथे, म्हणजे भिंतीचा माथा, कठड्याचं वरचं अंग, खिडकीच्या तळाचा दगड. मीठ झडवतं ते पिठासारखं किंवा पोपड्यांनी, जोत्यापासून हातभर वर जो ओल चढण्याचा पट्टा असतो तिथे, आणि कोरड्या हवेत पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. ती पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घ्या, पाण्याने धुऊ नका. धुतलं की मीठ पुन्हा आत जातं.

दोन्ही रोगांत लोक एकच चूक करतात. चुन्याच्या दरजा (दगडांमधले सांधे) उकरून सिमेंटच्या भरतात. सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही, ते दगडातून वाट काढतं, आणि दगडाच्या कडा झडून दरजा तेवढ्या पुढे आलेल्या उरतात. अशी भिंत दिसली तर कारण शोधत बसायला नको.

दुरुस्ती करताना दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी २५ मिलिमीटर खोल, हातछिन्नीने मोकळी करा. चक्रीने कापलं तर दगडाच्या कडेला ओरखडा बसतो आणि तिथूनच पुढची चीर सुरू होते. धूळ काढा, दगड ओला करा पण पाणी निथळत राहू देऊ नका. चुना दाबून भरा, ओलं गोणपाट आठवडाभर टांगून ठेवा. तापमान ५ अंशांखाली जायची शक्यता असेल तर काम सुरूच करू नका. कच्चा चुना गोठला की दरज हाताने निघते.

आणि पाणी अडवणारं पारदर्शक रसायन दगडावर चोपडू नका. पाठीमागून येणारी ओल त्या थराच्या मागे अडते आणि रसायनाचा थर दगडाच्या सालीसकट सुटतो.

कातळरेघ

नवीन वीट किंवा दगड घेताना तो टिकेल की नाही, हे आधी कळेल का?

पाथरवट

बऱ्यापैकी कळतं, वजनकाट्यावर. नमुना ११० अंशांवर वाळवून वजन करा. गार पाण्यात २४ तास बुडवून वजन करा. मग ५ तास उकळून, गार करून पुन्हा वजन. कोरडा २४००, भिजलेला २६४०, उकळलेला २७०० ग्रॅम असेल तर आपोआप शिरलेलं पाणी २४० आणि जबरदस्तीने शिरलेलं ३००. भागाकार ०.८०. कडक थंडीत वापरायच्या विटांसाठी अमेरिकन मानकात ही मर्यादा ०.७८ आहे, म्हणजे हा नमुना बाद.

अर्थ सरळ आहे. नुसतं भिजवल्यावर किती छिद्रं रिकामी राहिली, ते हा आकडा सांगतो. बर्फाला सरकायला तेवढीच जागा. मात्र हा आकडा एकटा पुरत नाही. छिद्रं अतिबारीक असलेला दगड यात पास होऊनही फुटू शकतो. महत्त्वाच्या कामाला गोठण-वितळणाची प्रत्यक्ष चाचणी करून घ्या.

शून्याखाली

काँक्रीटमध्ये हीच रिकामी जागा मुद्दाम ठेवतात. फेस आणणारं रसायन घालून सूक्ष्म बुडबुडे तयार करतात, हवा साधारण ५ ते ७ टक्के. नुसती टक्केवारी भरून उपयोग नाही. काँक्रीटच्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा ०.२ मिलिमीटरच्या आत हवा. मोठे बुडबुडे टक्केवारी भरतात, अंतर भरत नाहीत. व्हायब्रेटर जास्त वेळ धरला किंवा वरून पाणी शिंपून थापी मारली की वरच्या थरातली हवा जाते आणि पहिली खपली तिथेच निघते.

गाळमाती

रस्त्यांबद्दल एक राहिलं. फुगण्याने रस्त्याचं जितकं नुकसान होतं त्याहून जास्त वितळताना होतं. वितळण वरून सुरू होतं. वरचा अर्धा मीटर सुटलेला, खालचा अजून गोठलेला, म्हणजे चकत्यांच्या पाण्याला खाली वाट नाही. माती लापशीसारखी होते आणि त्यावरून भरलेला ट्रक गेला की डांबराला मगरीच्या पाठीसारखे तडे जातात. म्हणूनच थंड देशांत त्या काही आठवड्यांत जड वाहनांच्या वजनावर मर्यादा असते. तडे दिसल्यावर वरून डांबराचा थर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी बाजूचे चर मोकळे करा. बऱ्याच ठिकाणी चर गाळाने भरलेला असतो आणि रस्त्याखाली पाणी तिथूनच येत असतं.

हिमरेषा

वितळण्यावरून उंच कड्यांचं थोडक्यात. कायम गोठलेल्या कड्यांत बर्फ चिरांना सांधून धरतो. तापमान शून्याजवळ आलं की वितळण्याआधीच तो मऊ पडतो आणि पकड सैल होते. २००३ च्या उष्ण उन्हाळ्यात मॅटरहॉर्नवर दरड कोसळली, तेव्हा उघड्या पडलेल्या जागी बर्फ दिसला होता. आल्प्समधल्याच पित्स चेंगालोवरून २३ ऑगस्ट २०१७ ला ३० लाख घनमीटर खडक खाली आला. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंटी शिखरावरून जवळपास २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला, त्यात सुमारे ८० टक्के खडक होता. प्रत्येक वेळी एकट्या तापमानाकडे बोट दाखवू नये. तिथे आधीपासून मोठ्या चिरा असतात, उतार असतो, पाणी असतं.

कातळरेघ

शेवटचा प्रश्न. समोर एक भेग आहे, भिंतीत किंवा कातळात. ती जिवंत आहे की जुनी, हे कसं ठरवायचं?

भेगमोजणी

काचेची पट्टी चिकटवून "फुटली की जिवंत" असं करतात, ते सोडा. ती रोजच्या उघड-मिटीनेही फुटते आणि किती सरकलं ते काहीच कळत नाही.

स्टेनलेस स्टीलचे तीन खिळे घ्या. भेगेच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, साधारण १० सेंटीमीटर बाजूंचा त्रिकोण होईल असे. ड्रिलने भोक पाडून इपॉक्सीत बसवा, ठोकू नका. खिळ्याच्या डोक्यावर मधोमध बारीक खूण हवी, म्हणजे व्हर्नियर (बारीक अंतर मोजायचं उपकरण) दरवेळी त्याच जागी टेकेल. तिन्ही अंतरं ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजा. एकाच बाजूच्या दोन खिळ्यांमधलं अंतर बदललेलं दिसलं तर भेग हललेली नाही, मोजणी चुकली आहे. उरलेल्या दोन अंतरांवरून भेग रुंदावते आहे की दोन बाजू एकमेकींवरून घसरताहेत ते वेगळं काढता येतं.

नोंद महिन्यातून दोनदा, नेहमी सूर्य उगवायच्या सुमारास, आणि सोबत दगडाचं तापमान. हवेचं नव्हे. थर्मामीटरचं टोक दगडाला टेकवून वर कापसाचा बोळा धरा, पाच मिनिटांनी वाचा. एकदा तरी एकाच दिवसात पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा मोजा, म्हणजे त्या भेगेची रोजची हालचाल किती ते कळेल. वर्षभर थांबा. त्याच तापमानाला गेल्या वर्षीच्या नोंदीपेक्षा अंतर वाढलेलं असेल, आणि ती वाढ मोजणीच्या चुकीपेक्षा मोठी असेल, तर भेग जिवंत आहे.

मधे पावसानंतर किंवा वितळण्याच्या दिवसांत एकदम उडी दिसली तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. भेगेत पाणी कुठून शिरतं ते त्याच दिवशी शोधा, पाणी वाहतं असतानाच वाट दिसते.